मावळतीची भिंत

रंगुबाईचं एक वेड साऱ्या शेळगावाला ठाऊक होतं. वैशाख सरत आला की ती उसाचं वाळलेलं पाचट गोळा करायची, अंगणात बसून त्याचे जाड झाप विणायची आणि घराची मावळतीची भिंत वरपासून खालपर्यंत झाकून टाकायची. एकोणचाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता, आणि एवढ्या वर्षांत त्या भिंतीला म्हणावा असा पाऊस लागला नव्हता. मृगाचे ढग घाटावरच रिते होऊन इथवर नुसता वारा घेऊन यायचे. खरा पाऊस पडायचा उत्तरा-हस्ताला, तोही उगवतीकडून. मग पुढची उघडी भिंत भिजायची आणि मागची कोरडी ठणठणीत राहायची.

"रंगुबाई, औंदा तरी पावसाला इचारून घे कुठनं येणार हाय ते," शेजारची गोजरबाई दर साली म्हणायची.

"कोकणातली सवय हाय बाई," एवढंच रंगुबाई बोलायची.

ती मूळची खाडीकाठची. तिचे वडील आणि सासरे मुंबईच्या गिरणीत एकाच खात्यात होते. दोघांनी एकाच दिवशी धम्म घेतला आणि पुढच्या साली, सत्तावन्नमध्ये, साहेबरावांशी लग्न लावून रंगुबाई घाट चढून इकडे आली. साहेबराव जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. नातीला तिनं कोकण सांगितलं ते भरती-ओहोटीचं, लाल मातीचं, आमसुलाच्या साराचं. दिशा ते ऐकतच मोठी झाली.

आणि त्या वैशाखात दिशाला शिक्षिकेची ऑर्डर आली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेची. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. तिचे वडील समाधान लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते मागच्या अंगणात येऊन आईसमोर उकिडवे बसले.

"आये, त्या मुलखाचं मला काय कळत न्हाय. तू व्हय म्हणलीस तर पोरगी जाईल. न्हाय म्हणलीस तर कागद परत धाडतो."

दिशानं बारामतीहून त्या जिल्ह्याचं एक पुस्तक आणलं होतं. आजीला पटावं म्हणून ती मोठ्यानं वाचू लागली. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. जांभा दगड. आखूड, वेगवान नद्या. जुनी बंदरं, तिथून अरबस्तानात जाणारी गलबतं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर.

"बरोबर हाय ना, आज्जी?"

"बरोबर हाय." रंगुबाईचे हात थांबले. "पर त्यात भिंतीचं काय न्हाय."

"कसली भिंत?"

"तुझ्या आज्यालाबी हे सांगितलं नव्हतं." तिनं पाचट मांडीवरून खाली ठेवलं. "गावाची घरं माडांच्या आड. आमची वस्ती गावाबाहेर, खाडीच्या उघड्या अंगाला. दर्यावरनं पाऊस उठला की पहिला आमच्याच भिंतीवर. तीन हजार म्हणतीस ना? तेवढं आभाळ गळायचं, तरी विहिरीला शिवायची सोय नव्हती. पागोळ्यांचं पाणी भरून ठिवायचो. त्या साली मी नऊ वर्सांची. बाप मुंबईला, आय तापानं पडलेली. म्हणाली, रंगे, मावळतीला झाप बांध. मी निम्मे बांधले. तेवढ्यात ओहोटी लागली. पोरी शिंपल्या येचायला निघाल्या, मीबी पळाले. म्हणलं, उरलेले उद्या बांधू."

समाधाननी मान वर केली नाही.

"त्याच सांजंला झड लागली. सात दिस. आठव्या दिवशी दुपारी भिंत बसली. आतल्या अंगाला पाळणा होता."

"कुणाचा?" दिशानं हळूच विचारलं.

"महिपतीचा. माझा भाऊ. चार म्हयन्यांचा होता." रंगुबाई समोरच्या अर्ध्या झाकलेल्या भिंतीकडे बघत राहिली. "आय मला एका शब्दानं बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं."

समाधान म्हणाले, "मग नको पाठवाया. ऱ्हाऊ दे ती नोकरी."

रंगुबाईला एकदम पटल्यासारखं झालं. नाही म्हणणं सोपं होतं. पोर इथंच राहील, कोरड्या भिंतीच्या आड. पण तिकडं खाडीकाठच्या शाळेत आणखी कुणाची तरी लेकरं भिंतीला टेकून बसली असतील.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली. मग दिशाकडे वळली. "गेल्या गेल्या शाळंची मावळतीची भिंत बघायची. मातीची असली तर पोरांना तिच्याजवळ बसवायचं न्हाय. मृगाच्या आधी झाप बांधायचे. सगळे. निम्मे न्हायत."

"व्हय आज्जी."

"नुसतं व्हय नगं. बस हितं."

पाचटाला धार असते. पहिल्याच वेढ्याला दिशाचं बोट कापलं. तिनं विणलेलं ढिलं होतं. रंगुबाईनं ते उसवून पुन्हा तिच्या हातात दिलं, मग पुन्हा एकदा. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी रंगुबाईनं नातीला पुरे म्हटलं नाही.