दोन घरांचं पाणी

शेखलालच्या पत्राला रामहरींनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र महाशिवरात्रीच्या सुमारास आलं आणि आता वैशाख तापत होता. पत्र काही लपवून ठेवलेलं नव्हतं. टीव्हीशेजारी विजेच्या बिलांच्या चिमट्यात ते येता-जाता दिसेल असं लटकत होतं. अर्थात येणारे-जाणारे म्हणजे एकटे रामहरीच. वैजयंतीबाई गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

पक्षाघातानं उजवा हात गेल्यामुळे शेखलाल कुर्डुवाडीला मुलाकडे होता, तिथून त्यानं डाव्या हातानं लिहिलं होतं. मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाय द्यावा तशी अक्षरं. "रामभाऊ, घर विकतोस असं कानावर आलं. विक, तुझं घर आहे. पण आधी मला कळव. तुझा बोर गेला की माझं घर म्हणजे नुसत्या भिंती. तू राहणार असशील तर मीही माझं ठेवतो, बरा होऊन परत येतो."

जुळे सोलापुरात दोघांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले तेव्हा तिकडे यायला रिक्षावाले कुरकुर करायचे. शेखलाल रेल्वेत गार्ड, रामहरी वाचनालयात ग्रंथपाल. दोघांच्या मिळून ऐपतीत एकच बोर बसत होता. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन दोन्ही प्लॉटभर फिरला आणि नारळ ताडकन उभा राहिला तो रामहरींच्या हद्दीत. "पाणी कुठं का असंना, तहान दोघांची हाय," असं म्हणत शेखलालनं निम्मा खर्च दिला. भिंतीखालून पाइप गेला. कागद कुणी केला नाही. कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं तेव्हा दोघांनाही वाटलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्या एका पाइपावर दोन संसार झाले.

मग उत्तर का गेलं नाही? रामहरींचा स्वभाव आडवा आला, दुसरं काय. जन्म पुस्तकांत गेलेला. "विकणार नाही" एवढं लिहायला घेतलं की मनात यायचं, हा शब्द आपल्याच्यानं पाळवेल का? पुण्याहून मुलगा इंद्रजीत दर रविवारी फोन करायचा. "बाबा, या उन्हात तुम्ही घरात पडलात तर कुणाला पत्ता लागणार आहे?" ते खरंच होतं. दुसरीकडे एजंट रेवणप्पा दारात यायचा. त्याला दोन्ही प्लॉट एकत्र हवे होते, फ्लॅट बांधणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे तयार होतं.

"सर, नुस्तं हो म्हणा की! पुढचं सगळं मी बघतो."

"बघू," रामहरी म्हणायचे. तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधी साधलं नव्हतं. वाचनालयाचं पुस्तक वर्षभर दाबून ठेवणाऱ्यालाही ते "असू द्या" म्हणत.

गुढीपाडव्याला मात्र त्यांनी इंद्रजीतला सांगून टाकलं, "मी घर विकत नाही. शेखलाल परत येणार आहे." या खेपेला वाक्य पुरं झालं. त्या धाडसाच्या आनंदात शेखलालला लिहायचं राहिलं. चार ओळींत कसं उरकायचं? निवांत, चांगलं सविस्तर लिहू. ते निवांतपण काही आलं नाही. रोज सकाळी ते शेखलालच्या टाकीतलं पाणी त्याच्या लिंबोणीला सोडायचे आणि मोटर लावून आधी ती टाकी पुन्हा भरायचे. त्यांच्या लेखी तेच उत्तर होतं.

वैशाखातल्या एका सकाळी शेजारच्या दारात टेम्पो उभा राहिला. शेखलालची बायको मुमताज उतरली. रामहरी लगबगीनं भिंतीपाशी गेले.

"भाऊ, पोस्टाचं कार्ड लई म्हाग झालं काय हो सोलापुरात?"

रामहरी ओशाळले. "लिहिणारच होतो, भाभी. कसा आहे तो?"

"हाय. जीभ जड झालीय. डाक्टर म्हणतो, आता घरीच ठेवा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोस्टमनची गाडी वाजली की मान उचलायचे. रामभाऊचं आलं का? मी म्हटलं, फोन लावते. तर नको म्हणले. फोनवर त्याला न्हाई म्हणता येत न्हाई, उगं त्याची कोंडी कशाला? लिवू दे सावकाश."

मागं हमालांनी कपाट टेम्पोत चढवलं.

"सामान कुर्डुवाडीला नेताय?"

"मग कुटं? पोराच्या, मुबीनच्या घरात जागा न्हाई, पण टाकायचं कुटं? घर इकलं की आमी. रेवणप्पाला दिलं. सहीला हात चालंना म्हणून अंगठा घेतला. गार्डसाहेबाचा अंगठा!" ती हसली आणि लगेच तोंड फिरवलं.

"पण का, भाभी?"

"का म्हंजे? तुमी इकल्यावर आमी कोरड्या नळाला तोंड लावून बसायचं व्हय? रेवणप्पा आलता तितं. म्हणला, सरांचं झाल्यागत हाय, बघू म्हणलेत. आनी तुमचं पत्र न्हाई. मग हेच म्हणले, इकलं असणार त्यानं. लाजाळू हाय, मला कसं सांगावं म्हणून गप बसलाय. त्याच्यावर रागवू नको, म्हणले."

रामहरींचा हात भिंतीवरच होता. भिंत भाजत होती, तरी हात काढायचं त्यांना सुचलं नाही.

"भाभी, मी विकलेलं नाही."

मुमताज पायरीवर बसली. हमाल काहीतरी विचारायला आला, तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"या अल्ला," ती म्हणाली. "मग आमी कशापायी..."

"मी आजच लिहितो त्याला. खरं काय ते—"

"न्हाई!" तिचा आवाज चढला. "तुमच्या खऱ्याचं काय लोणचं घालू? आता त्यास्नी वाटतंय, दोगांचं बी गेलं, मिटलं. त्यावर गप पडून ऱ्हात्यात. तुमी हितं पाणी भरताय आनी आपण उगंच इकलं, हे कळलं तर त्यो माणूस दोन दिस काढंल का? लिवायचं तर इकलं म्हणून लिवा. न्हाईतर लिवूच नगा. न लिवणं तुमाला जमतंय की."

जाताना तिनं लिंबोणीची हाताला लागतील तेवढी लिंबं तोडली. टेम्पो गेला. फाटक उघडंच राहिलं, ते रामहरींनी लावून घेतलं.

दुपारभर रामहरी कोरं कार्ड पुढं घेऊन बसले. "घर विकलं" हे दोन शब्द काही केल्या उमटेनात. शेखलालला आजवर एक ओळ खोटी लिहिली नव्हती. पण हा खरेपणा की जुनाच भित्रेपणा, हे त्यांचं त्यांनाच कळेना. खरं लिहावं तर मित्राला मारणं, खोटं लिहावं तर हात चालत नाही, आणि न लिहिण्यानं काय होतं ते सकाळी टेम्पोत भरून गेलं होतं.

सकाळची राहिलेली मोटर त्यांनी संध्याकाळी सवयीनं लावली. थोड्या वेळानं शेजारच्या गच्चीवरून पाणी पडायला लागलं. टाकी भरून वाहत होती. आज लिंबोणीला सोडायचं राहिलं होतं, कालचंच पाणी तसंच होतं. रामहरी ते पडणारं पाणी ऐकत उभे राहिले. मग त्यांनी बटण बंद केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रेवणप्पाला आपणहून फोन लावला.

"सर? तुमी सोता?"

"हो."

"हो म्हंजे?"

"हो म्हणजे हो. विकतो मी."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" रेवणप्पा खूश झाला. "सर म्हंजे देवमाणूस!"

विसार द्यायला तो नारळ घेऊनच आला. त्यानं नारळ मानानं रामहरींच्या हातावर ठेवला. तळहातावर तो आडवाच पडून राहिला. इंद्रजीतला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "सुटलो, बाबा." त्याचं चुकलं नव्हतं.

सह्या झाल्या त्या दिवशी रामहरींनी चिमट्यातलं पत्र काढून समोर ठेवलं आणि कार्ड लिहिलं. "प्रिय शेखलाल, तू ओळखलंस तसंच आहे. घर विकलं. तुला लिहायला जमलं नाही, गप्प राहिलो. तू रागावला नाहीस हे भाभींकडून कळलं. माझ्यासारख्याला एवढं पुष्कळ झालं. तुझा, रामभाऊ." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कधी विकलं, तेवढं फक्त लिहिलं नाही.

भर उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेले. कार्ड आत सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला पडल्याचं ऐकू आलं.