पुंजारामाची फिरकी

मुलांनो, डोळे मिटा आणि देवळाली प्रवरातली एक ओसरी डोळ्यांसमोर आणा. साल एकोणीसशे एकाहत्तर. आप्पासाहेबांनी मुंबईहून आणलेली जॅझची रेकॉर्ड तिथं फिरते आहे.

"हे वादक आधी ठरवून काही वाजवत नाहीत," ते सांगत होते. "त्या क्षणी सुचेल तेच!"

शाळेच्या संमेलनात त्यांची नात इंदू नाचणार होती. तिच्या साथीला लग्नाच्या बँडमधला पुंजाराम क्लॅरिनेट वाजवणार की नाही, हे आप्पासाहेब आज ठरवणार होते.

पुंजारामानं रेकॉर्डवरची चाल उचलली आणि मध्येच वरातीत वाजवतात तशी सुरांची एक फिरकी घेतली. इंदूचे पाय आपोआप हलले.

"थांब! रेकॉर्डमध्ये असं कुठंय?"

"न्हाई साहेब, पन मला आत्ता हे सुचलं."

"तुला सुचून कसं चालेल? त्या रेकॉर्डवाल्याला सुचलंय तेच वाजव!"

"त्यानं तरी कुनाला इचारून वाजवलं हुतं?"

आप्पासाहेब उत्तर शोधायला रेकॉर्डच्या पाकिटावरचा मजकूर वाचू लागले. पुंजारामानं क्लॅरिनेट पिशवीत घालायला घेतली.

तेव्हा इंदूनं रेकॉर्डवरची सुई उचलून बाजूला ठेवली, "पुंजारामकाका, वाजवा की पुढं!" म्हणाली आणि परकर खोचून आजोबांच्या समोरच नाचायला उभी राहिली.