दोनशे बारा पा

मी एक म्हातारी पा आहे. मित्रांनो, झांझिबार बेटावरची माणसं माझ्या जातीला पा म्हणतात. उंची तुमच्या गुडघ्याएवढी, अंगाने सशापेक्षा थोडी थोरली, पण हरीणच. समुद्रापलीकडे केनियापासून खाली मोझांबिकपर्यंत माझे भाऊबंद झाडीत राहतात. माझी कहाणी मी गोड आवाजात सांगणार नाही. मला राग आला आहे आणि तो गिळायचा माझा विचार नाही.

प्रवाळाच्या खडकावरच्या दाट झुडपांत माझा जन्म झाला. आईने दोनच गोष्टी शिकवल्या. धोका दिसला की दगडासारखं थांबायचं आणि तो अगदी पायाशी आला की वाकडंतिकडं पळत सुटायचं. माकडं वर बसून अर्धी फळं खातात नि अर्धी फेकतात. त्यांच्या उधळेपणावर माझं पोट भरलं. पाणीसुद्धा कधी शोधावं लागलं नाही, पानांतलं पुरलं. रोजची वाट ठरलेली, लेंड्या टाकायची जागाही ठरलेली. तिथे नवऱ्याचा, लेकीचा आणि माझा वास एकत्र असायचा. सकाळी तिथे गेलं की कळायचं, सगळे सुखरूप आहेत.

गावातली एक बाई, बी मिझे, सरपणाला यायची. मला पाहून "काय गं, आहेस ना अजून?" एवढंच म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. जन्मात माझी विचारपूस केली ती तिनेच.

मग शहरातल्या कचेरीतून गावात एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं : 'पा, संख्या'. आता या बेटाच्या भाषेत पा म्हणजे मी, आणि पा म्हणजे घराचं छप्परही. गावचा प्रमुख, शेहा मचानो, याच्या डोक्यात नवे पत्रे घोळत होते. पत्रे वाटणार असतील म्हणून त्याने झाडून सगळी छपरं मोजली, कोंबड्यांची खुराडीसुद्धा सोडली नाहीत. आकडा लिहिला, दोनशे बारा. जंगलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कचेरीतल्यांनी तरी कुठे पाहिलं? खुर्चीतून न उठता त्यांनी ठरवून टाकलं की इथे हरणं उदंड आहेत, एकवीस मारायला हरकत नाही.

मग शिकारी आले, कुत्रे आणि जाळी घेऊन. जाळी लावली ती आमच्या ठरलेल्या वाटांवरच. पहिल्या दिवशी नवरा गेला. दुसऱ्या दिवशी लेक गेली, तिच्या पोटात पाडस होतं. तिसऱ्या दिवशी शेजारचा तरणा नर.

संध्याकाळी ते झाडीच्या कडेला बसले, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर दगड होऊन उभी होते. शेहा मटणाचा वाटा मागायला आला होता. बी मिझेही मोळी घेऊन निघाली होती, ती थांबली. शिकाऱ्यांचा म्होरक्या उस्सी कुरकुरत होता.

"शेहा, तुमच्या कागदावर दोनशे बारा पा. आम्हाला तीन दिवसांत तीन सापडले. बाकीचे गेले कुठे?"

बी मिझेने मोळी खाली टाकली.

"बाकीच्यांखाली आम्ही झोपतो," ती म्हणाली. "पाच-सहा तर कोंबड्यांच्या डोक्यावर आहेत. जा, लाव त्यांना जाळी."

कोणी हसलं नाही. शेहाने टोपी काढून हातात घेतली.

"मला वाटलं, पत्रे येणार."

"मग आले का?"

दुसऱ्या दिवशी शेहा कचेरीत जाऊन आला. तिथे त्याला सांगितलं की आकडा वहीत चढला तो चढला, पुढची मोजणी चार वर्षांनी. हे मला बी मिझेनेच सांगितलं, काटक्या वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. आणखी अठरा मारायची परवानगी अजून शिल्लक आहे.

मित्रांनो, आमची हयात फार तर दहा वर्षांची आणि एका खेपेला एकच पाडस. चार वर्षांनी मी नसेन. मला तुमची दया नको. मोजायला याल तेव्हा पायात बूट घालून जंगलात या, एवढंच मागते. बी मिझे तुम्हाला लेंड्यांच्या जागेपर्यंत आणून सोडेल. कागदावर आजही दोनशे बारा पा आहेत. त्या जागी मात्र रोज सकाळी मला फक्त माझाच वास येतो.