पट्टीवरचा हिरवा रंग

आर्नफिनला त्याची पोरगी परत मिळाली ती तिच्या आजारपणामुळे. आता हे कुणाजवळ बोलून दाखवणार? घटस्फोटानंतर तीरिल तिच्या आईबरोबर, म्हणजे हेगेबरोबर, वेरॉय बेटावर राहायची आणि हा इकडे बूडोच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ती वर्षातून दोनदा सुट्टीला यायची, आणि बॅग पुरती रिकामी होईपर्यंत परतायची वेळ व्हायची. मग ऑगस्टमध्ये तिच्या पायांवर जांभळे डाग उठले, गुडघे सुजले, पोटात कळा यायला लागल्या. रक्तवाहिन्यांना सूज आली आहे, असं डॉक्टर वीबेके म्हणाल्या. डाग जातील, पण ती सूज मूत्रपिंडात उतरली तर पंचाईत, म्हणून सहा महिने लघवी आणि रक्त तपासत राहायचं. दवाखाना बूडोला, आणि हिवाळ्यात बेटावरून चार-चार दिवस बोट सुटत नाही. तेव्हा दहा वर्षांची तीरिल सहा महिन्यांसाठी बापाकडे राहायला आली.

दर रविवारी सकाळची पहिली लघवी कपात घ्यायची, त्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. पट्टी पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत, म्हणजे आत सूज आहे. वहीत रंग लिहायचा, हिरवा जितका गडद तितकी अधिकची चिन्हं जास्त, आणि सोमवारी डॉक्टरांना फोनवर कळवायचं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लावायचं काम तीरिलनं स्वतःकडे घेतलं होतं.

"तू ग्रीस लागलेल्या हातांनी लावतोस. नीट बसत नाही," ती म्हणायची.

"बरं बाई, तू लाव."

आपण किती एकटे होतो हे त्याला ती आल्यावरच कळलं. आधी तो ओट्याशी उभ्या उभ्या ब्रेड खायचा आणि रेडिओला उत्तरं द्यायचा. आता टेबलावर दोन ताटं लागायला लागली. कामावरून पाच मिनिटं उशीर झाला की दारातच चौकशी सुरू व्हायची, "कुठे होतास? बटाटे गार झाले." त्या एका वाक्यासाठी हा गडी दिवसभर थंडीत नट आवळत बसायचा. पट्ट्या मात्र सगळ्या पिवळ्या येत होत्या. देवाची कृपाच म्हणायची, पण जानेवारी लागला आणि प्रत्येक पिवळ्या पट्टीगणिक तो उरलेले रविवार मोजायला लागला. आणखी चार रविवार, की ती परत बेटावर.

त्यातल्या पहिल्या रविवारी त्यानं तिला सांगितलं, "तू जा, खाऊन घे. मी बघतो." पट्टी हळदीसारखी पिवळी होती. त्यानं ती कचऱ्यात टाकली आणि वहीत लिहिलं, हिरवी, एक अधिक. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, याचंच त्याला नंतर जास्त वाईट वाटलं. हिरवी आली की तपासणी लांबणार, आणि एक आठवडा वाढला तर कुणाचं काय बिघडतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या रविवारी, वेड लागल्यासारखं, दोन अधिक.

पोरीनं मात्र वहीतलं ते सगळं खरं मानलं. तिनं शनिवारची गोळ्या-चॉकलेटं बंद केली. खेळाच्या तासाला बाकावर बसून राहायला लागली. एकदा भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "पप्पा, मूत्रपिंड खराब झालं की मशीनवर झोपवतात ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"मी वाचलं."

"तसलं काही होणार नाही."

"तुला काय माहीत? तू इंजिनवाला आहेस."

याला पक्कं माहीत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण त्यानं ताट दुसऱ्यांदा विसळलं. अशा वेळी बापाला काय म्हणावं? मी तर त्याला नालायकच म्हणेन, आणि तोही स्वतःला तेच म्हणत होता.

सोमवारी त्यानं दोन अधिक कळवलं आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं. तिचं रक्त घेतलं, ताजी लघवी घेतली. इस्पितळात गुरुवारची जागाही राखून ठेवली. आकडे खरेच वाढले असतील तर भूल देऊन पाठीतून सुई घालायची आणि मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून बघायचा. तीरिल बापाचा अंगठा घट्ट धरून सगळं ऐकत होती.

दुपारी डॉक्टर कागद घेऊन आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. "रक्तातले सुजेचे आकडे अगदी छान आहेत. मूत्रपिंड झकास. लघवीत प्रथिनांचा मागमूस नाही. मग घरी तीन आठवडे हिरवं कसं येतंय?"

आर्नफिननं मांडीवरची वही मिटली.

"पट्ट्या दमटल्या असतील," त्यांनीच उत्तर काढलं. "डबीचं झाकण उघडं राहिलं तर रंग चुकतो. घरोघरी होतं हे. गुरुवारचं रद्द करू या. नवी डबी देते, आणखी महिनाभर बघू."

म्हणजे त्याला पाहिजे होतं ते सगळं, अगदी आयतं. एक महिना, आणि वर कुणाला संशयही नाही. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि तीरिलकडे पाहिलं.

तिचा चेहरा पडला होता. "झाकण मी लावते," ती म्हणाली. "दर वेळी मीच. मी दाबून लावते, टक असा आवाज येतो." आणि तिला रडू फुटलं. "पण एखाद वेळी विसरले असेन. सॉरी, पप्पा. माझ्यामुळे तू किती घाबरलास."

तेवढं मात्र त्याला सहन झालं नाही.

"झाकण नीट होतं," तो म्हणाला. "पट्ट्याही नीट होत्या. तिन्ही पिवळ्याच आल्या. हिरव्या मी लिहिल्या."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "मला हे नोंदवावं लागेल. हेगेला मी सांगू की तू सांगतोस?"

त्यानंच हेगेला फोन केला. बायको म्हणून ती भांडायची तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जायचं. आज तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "शुक्रवारच्या बोटीनं पाठव तिला. उरलेल्या तपासण्या मी करून घेईन, मग पोहत यावं लागलं तरी चालेल."

शुक्रवारी वारा पडला होता, बोट सुटणार होती. धक्क्यावर तीरिल बॅगेवर बसून होती. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"का लिहिलंस?" तिनं विचारलं.

"तू जाऊ नयेस म्हणून." आता लपवायचं काय राहिलं होतं? "तू गेलीस की घर खायला उठतं मला."

ती बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिली. "मी ख्रिसमसलाच आईला विचारलं होतं, शाळा संपेपर्यंत पप्पाकडे राहू का म्हणून. ती म्हणाली, पप्पा स्वतः म्हणाला तर राहा. मी वाट बघत होते तू कधी म्हणतोस याची."

आर्नफिनचे डोळे भरून आले. "मग आता म्हणतो. राहा, तीरिल. मी हेगेशी बोलतो, तिच्या पाया पडतो."

"आता नको, पप्पा." ती उठली आणि बॅग तिनं स्वतःच उचलली. "मला खूप भीती वाटायची रे. आणि तू समोर बसून जेवायचास."

तिनं त्याला एका हातानं मिठी मारली, आणि तिकीट दाखवून ती बोटीवर चढली.