सहावा रकाना

"अगं, 'संपावर' हा काय धंदा झाला?" जयवंत कर्णिक चष्म्यावरून बघत म्हणाले. "चौथ्या रकान्यात टाक. बेकार. पुढे चल."

अंधेरीच्या त्या मार्केट रिसर्च कंपनीत सुलक्षणा परब तीन वर्षं पुढेच चालत होती. लोक कुठला चहा पितात हे घरोघर विचारून आणलेले फॉर्म तिच्यापुढे पडत. 'कुटुंबप्रमुख काय करतात?' याला माणसं जे काही सांगत, त्याचा ती एक आकडा करी आणि तो भाड्याच्या कॉम्प्युटरला भरवला जाई. कॉम्प्युटरला पाचच प्रकारचे पुरुष ठाऊक होते: नोकरीवाले, धंदेवाले, निवृत्त, बेकार आणि इतर. एवढ्यात अख्खी मुंबई मावते, अशी कर्णिकांची श्रद्धा होती. चहाचा रिपोर्ट सोमवारी वेळेवर गेला की सुलक्षणा ॲनालिस्ट होणार, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

भांडुपच्या चाळीत स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली ती पहिलीच. "म्हणजे करतेस काय गं?" असं शेजारच्या काशीरामने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आकड्यांचं काम." बस्स. तेव्हापासून काशीराम तिला जिन्यात गाठून हळूच विचारी, "आज ओपन काय येतोय? आपल्या माणसाला सांग ना." मटका आणि सांख्यिकी यांतला फरक तिने एकदा नीट समजावला. तो डोळा मिचकावून म्हणाला, "कळलं, कळलं. बोलायची बंदी असेल."

त्या शुक्रवारी संध्याकाळी चहा पिताना ती वडिलांना सहज म्हणाली, "आज कितीतरी 'संपावर' निघाले, बाबा. सगळे बेकारांत टाकले."

दशरथ परब गिरणीत साचेखात्यात मागावर होते. ब्याऐंशीत संप झाला, तेव्हापासून घरी. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बेकार? बेकार तो काशीराम. मी संपार आसंय."

"बाबा, चार वर्षं झाली."

"मगे? संप मागे घेतल्यानी असा कोणी सांगल्यान तुका?"

कोणीच सांगितलं नव्हतं. बी.एस्सी.च्या पुस्तकांत यावर उत्तर असल्याचं तिला आठवेना.

शनिवारी तिने सहावा रकाना उघडला.

"वाट लावलीस!" कर्णिक ओरडले. "सगळे फॉर्म परत तपासायचे? क्लायंट चहा विकतो बाई, युनियन नाही चालवत."

"सर, प्रश्न आपणच विचारला ना? त्यांनी उत्तर दिलं."

"मग ॲनालिस्टचं विसर."

"बरं," असं म्हणून तिने पहिला गठ्ठा पुढे ओढला. रविवारही त्यातच गेला.

रिपोर्ट गुरुवारी पोचला, बढती पुढल्या वर्षावर गेली. सहावा रकाना मात्र कर्णिकांनी राहू दिला. काढायचा तर कॉम्प्युटरचं भाडं पुन्हा पडलं असतं.

कॉम्प्युटरमधून छापून आलेला, कडेला भोकं असलेला रुंद कागद तिने घरी आणून वडिलांपुढे पसरला. "हा बघा तुमचा रकाना."

दशरथ परबांनी आकड्यावर बोट टेकवलं. "इतकेच?"

"हा नमुना असतो, बाबा. थोड्याच घरांत विचारतात."

"तरी पण. आमच्या खात्यातलेच ह्याच्यापेक्षा जास्त हुते. बाकीचे खंय गेले?"

बाकीचे कुठे गेले ते तिला माहीत होतं. वॉचमन, भाजीवाला, रिक्षावाला, असे एकेक करून तिनेच त्यांना नोकरीत आणि धंद्यात टाकलं होतं. तिने कागदाची मुडपलेली कड सरळ केली.

"ह्यो रकानो फुडल्या वर्षी ठेवतले मा?" त्यांनी विचारलं.

"एक जरी माणूस असला, तरी ठेवावाच लागतो, बाबा."

असा नियम सांख्यिकीत नाही.

"बरा," दशरथ परब म्हणाले. मग उठून त्यांनी दोरीवरचा धुतलेला सदरा काढून घातला आणि वरपर्यंत बटणं लावली. जायचं कुठेच नव्हतं. ते पुन्हा येऊन कागदासमोर बसले.