एक घंटा आत जायचं नाही

विशाखा कॉम्प्युटर घेताना घाबरली होती, तो शिकताना घाबरली होती, आणि सहा वर्षं वापरून झाल्यावर तर तिची भीती चांगली मुरली होती. लातुरात रसायनशास्त्र शिकवणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. मोठ्या क्लासची नोकरी सोडून तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचे वर्ग सुरू केले होते आणि बारावीची चाळीस पोरं सकाळी सहाला चपला काढून ओळीने येऊन बसत. पोरं येत ती तिच्या प्रश्नांसाठी. चार हजार प्रश्न तिने एकेक करून रचले होते, मराठीत आणि इंग्रजीत, उत्तरांसकट. ते सगळे मधल्या खोलीतल्या त्या एका डब्याच्या पोटात होते.

दुसरीकडे कुठे? कुठेच नाही. यावर हसू येत असेल तर हसावं, पण हसणाऱ्याने तेव्हाचं लातूर पाहिलेलं नाही असं मी समजेन. गल्लीगल्लीला क्लास झालेल्या त्या गावात प्रश्नसंच सीडीवर उतरवायला दुकानात नेणं म्हणजे पेपर चौकात वाटण्यासारखंच होतं. सकाळी सीडी करावी आणि संध्याकाळी आपलाच प्रश्न शेजारच्या क्लासच्या फळ्यावर वाचावा! फ्लॉप्या तिने भरून पाहिल्या होत्या, पण महिन्याभरात निम्म्या नासल्या. शेवटी तिने त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. चोराची भीती असलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, तसंच तिचं झालं.

दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये एक नवी भीती गावात आली. मुंबईहून पथक येणार, क्लासवाल्यांचे कॉम्प्युटर तपासणार, आणि ज्याच्याकडे विंडोज विकत घेतल्याची पावती नाही त्याचं मशीन उचलून नेणार. कोणी पाहिलं नव्हतं, पण सांगत सगळे होते. विशाखाकडे पावती नव्हती. गावात कुणाकडे होती?

मशीन जोडून देणारा नरसिंग म्हणाला, "ताई, कोण येतंय इथं? गप बसा. विंडोज हाय म्हणून तुमचा मराठी फाँट चालतो. दुसरं काई घातलंत, तर प्रश्नसंच उघडंल पण वाचता येणार न्हाई."

नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा तिचा धाकटा दीर आलोक फोनवर नेमकं उलटं बोलायचा. त्याच्या डोक्यात त्या वर्षी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, शिरलं होतं आणि नवीन जावई जसा सासरचं कौतुक करतो तसं तो त्याचं करायचा. "वहिनी, फुकट आहे, कायदेशीर आहे, व्हायरस नाही. पथक येऊ दे नाही तर त्याचा बाप येऊ दे. तुम्ही चोरीच्या मालावर पोरं शिकवून राहिल्या, झोप कशी येते?"

झोप येतच नव्हती. ठेवावं तर पथक, बदलावं तर फाँट. नवरा सिद्धेश्वर भोकरला बँकेत, महिन्यातून दोनदा यायचा, आणि त्याचं उत्तर एकच असायचं, तुला पटेल ते कर. या उत्तराइतका राग तिला दुसऱ्या कशाचा येत नसे. महिनाभर तिने रोज सकाळी एक ठरवलं आणि संध्याकाळी मोडलं. शेवटी निवडता न येणारी माणसं करतात तेच तिने केलं. ती म्हणाली, "आलोकभाऊजी, दोन्ही ठेवता येतील का?"

"येतील की. डिस्कची वाटणी करायची. अर्ध्यात विंडोज राहील, अर्ध्यात लिनक्स. पथक आलं तर लिनक्स दाखवायचं."

"आणि माझे प्रश्न?"

"जागच्या जागी. काही होत नाही, वहिनी."

काही होत नाही असं ज्याने म्हटलं त्याच्यावर तिने विश्वास ठेवला. ही तिची चूक मी तिच्याच पदरात घालतो, कारण आदल्या रात्री ती स्वतः म्हणाली होती की आधी सीडी करून घेऊ, आणि मग दुकानाच्या धास्तीने तिनेच ते सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने आलोक आला. जेवण झालं आणि त्याने लिनक्सची सीडी आत सरकवली. वाटणीचं काम सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढू लागला. आलोकने खुर्ची मागे घेतली. "आता हात लावायचा नाही. फक्त लाईट जाता कामा नये. आकडा शंभरला पोचायच्या आत मशीन बंद पडलं, तर ना हे राहील ना ते."

विशाखा पडद्याकडून त्याच्याकडे वळली. "हे आधी का नाही सांगितलं?"

"यूपीएस आहे ना. लाईट गेली तरी पंधरा मिनिटं दम धरतो. लाईट इथं अर्ध्या तासाने येतेच," असं आलोक म्हणाला आणि त्याच्याच लक्षात आलं की या हिशोबात काहीतरी बसत नाही.

सोळा टक्के. बावीस टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टेस्ट सिरीजचा पहिला पेपर होता. चाळीस घरच्या आईबापांना तिने शब्द दिला होता. विशाखा पडद्यासमोर उभी होती, बसलीच नाही.

बाहेर व्हरांड्यात बाजेवर तिचे सासरे बापूसाहेब पडले होते. ते किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका गावात शाळामास्तर होते. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं आणि घरात उमाबाई गेल्या. उमाबाई झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलं नाही, असं बापूसाहेबांनी एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून म्हातारा चार भिंतींच्या आत झोपत नसे. घरात त्यांचा एकच कायदा होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. जमीन हलली की मेन स्विच पाडायचा, माणूस हाताला धरून बाहेर काढायचा, आणि एक घंटा कुणी आत जायचं नाही. नऊ वर्षांत लहानमोठे धक्के पुष्कळ आले आणि दर वेळी घर अंगणात उभं राहिलं. एकदा तर तीस पोरं पेपर अर्धवट टाकून चिंचेखाली उभी होती. शेजारीपाजारी हसत, पण तेही आपापल्या अंगणात उभे राहूनच हसत.

अडतीस टक्क्यांवर आकडा आला आणि फरशी थरथरली.

शेजारच्या प्लॉटवर पोरांचं वसतिगृह उठणार होतं आणि तिथे बोअरचं मशीन लागलं होतं. सकाळी गाडी आलेली विशाखाने पाहिली होती. आत्ता रॉड खाली सोडला, खडक लागला, आणि जमिनीतून घरघर सुरू झाली. खिडकीची काच वाजली. फडताळातली भांडी एकमेकांना लागली.

विशाखा "मामंजी, बोअर आहे!" असं ओरडली, पण त्याच क्षणी खटकन आवाज झाला आणि पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करू लागला. बापूसाहेब दारातून आत आले, एका हाताने आलोकचं बखोट धरलं, दुसऱ्याने विशाखाचं मनगट, आणि बहात्तर वर्षांच्या त्या माणसाने दोघांना असं खेचलं की ती दोघं अंगणात येऊनच उभी राहिली.

"बापू, बोअर आहे, बोअर," आलोक म्हणाला. "ते बघा, शेजारी. धूळ दिसून राहिली."

"गप."

"अहो डोळ्यानं बघा की!"

"तवा बी आवाज आल्ता. ट्रक चाललाय म्हनून पडून राह्यलो होतो." बापूसाहेब दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला. मेन स्विच त्यांच्या पाठीशी होता, खिडक्यांना गज होते, मागच्या दाराला आतून कडी. "एक घंटा. कुनी जायचं न्हाई."

आतून टीं टीं ऐकू येत होतं. विशाखाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर प्रश्न दिसू लागले, कुठला कोणत्या पावसाळ्यात रचला ते सुद्धा. सहा वर्षं. बंद खोलीत एकटीने काढलेली सहा वर्षं टीं टीं करत संपत होती.

"मामंजी, माझं सगळं आत आहे. फक्त स्विच वर करा. तुम्हीच करा, मी येत नाही आत."

"न्हाई."

"उद्या पोरांचा पेपर आहे हो!"

"पोरं जित्ती हायेत न्हवं? मग पेपर व्हतील."

ती आलोककडे वळली. "भाऊजी, तुम्ही धरा त्यांना. दोन मिनिटं बाजूला घ्या."

आलोक जागचा हलला नाही. भूकंपाच्या रात्री तो नांदेडच्या हॉस्टेलवर होता, आणि गावी पोचला तेव्हा बापूंनी मातीने भरलेल्या हातांनी त्याला मिठी मारली होती. बापाच्या अंगाला हात लावणं त्याला जमणार नव्हतं. तो खाली बघत राहिला.

दहा-बारा मिनिटं अशीच गेली आणि टीं टीं भरभर वाजू लागलं. विशाखा पुढे गेली आणि तिने सासऱ्याच्या छातीवर हात ठेवला. ढकलायलाच ठेवला. तिच्यात तेवढी ताकद होती आणि म्हाताऱ्याच्यात आता नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"विशाखा," बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुजी सासू भायेर आलती."

तिला कळलं नाही.

"झोपेत न्हाई गेली ती. माज्या संगं अंगनात उभी व्हती. निम्मं घर पडलं व्हतं, निम्मं उभं. मला काई दिसंना. मीच म्हनलो, माजा चष्मा आत राह्यला गं. गेली ती. म्हनली, आलेच." त्यांनी चौकट आणखी घट्ट धरली. "उरल्याली भिंत मंग पडली."

आलोकने मान वर केली.

विशाखाच्या तळहाताखाली म्हाताऱ्याचं काळीज धाडधाड उडत होतं. आपल्याला भीती वाटते असं ती इतके दिवस समजत होती. हा माणूस तर नऊ वर्षं रोज त्या अंगणात उभा होता, आणि तिने आत्ता त्याला पुन्हा तेच बघायला लावलं होतं. तिने हात काढून घेतला.

आतला आवाज एकदा लांबलचक झाला आणि थांबला.

शेजारी बोअरवाल्यांना पाणी लागलं आणि ते ओरडले. बापूसाहेबांनी चौकट सोडली, तसं विशाखाने त्यांना धरून चिंचेखाली बसवलं आणि स्वतः त्यांच्याजवळ मातीत बसली. तिला रडू आलं, मोठ्याने आलं, आणि ते कशासाठी हे तिने कुणाला सांगितलं नाही. प्रश्नांसाठीही होतं, ते मी लपवत नाही. चार हजार प्रश्न काही कमी नसतात.

घंटा भरल्यावर बापूसाहेबांनी मान हलवली आणि आलोक एकटा आत गेला. मेन वर झाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तो व्हरांड्यात आला. त्याचा चेहरा बघून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सगळं कोरं झालंय, वहिनी," तो म्हणाला. "आता नव्यानंच घालावं लागेल. विंडोज घालू का लिनक्स?"

महिनाभर या प्रश्नाने तिची झोप खाल्ली होती. आता तो तिच्या कानावर आला आणि गेला. तिच्या डोक्यात एवढंच होतं, की आपण ढकललं असतं. आणखी एक क्षण, आणि ढकललंच असतं. तो बोअरच आहे हे तिला ठाऊक होतं, पण खरा भूकंप असता तरी त्या क्षणी ती गेलीच असती. या विचाराने ती त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला घाबरली.

"कोणतंही घाला," ती म्हणाली. "आधी बापूंना पाणी आणा."

आलोक तांब्या आणायला आत वळला. बापूसाहेबांनी दचकून त्याच्या पाठीकडे बघितलं आणि विशाखाचं मनगट घट्ट धरलं. तो परत बाहेर येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि तिनेही सोडवून घेतलं नाही.