सासूबाईंची जीभ

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी मी पुदिना धुवायला जरा मागल्या अंगणात गेले, आणि तेवढ्यात सासूबाईंनी शेवयांवर घालायच्या बुन बोच्या रश्श्यात जवळा ओतला.

धावत आत आले, तर त्यांच्या हातात रिकामी वाटी. आंबवलेला जवळा पाण्यात कालवून निवळू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं रश्श्यात सोडायचं, हे मला याच बाईंनी शिकवलं. मी नवी नवरी असताना चुकून थोडा गाळ पडला, तर पाहुण्यांसमोर माझा उद्धार केला होता. आता स्वतः गाळासकट सगळं उपडं केलं होतं. हाडं आणि डुकराचे पाये उकळून, फेस काढून काढून स्वच्छ केलेला माझा रस्सा गढूळ झाला होता.

"आई, अहो काय केलंत हे!"

"अळणी होता."

"आत्ता चाखला मी. बरोबर होता."

"तू मला शिकव! ह्वे शहरातल्या घरात असला पाणचट बुन बो करतात होय?"

तेवढ्यात माझी नणंद ख्वे आली. दूर दक्षिणेत सायगॉनला राहते, श्राद्धाला तेवढी येते. तिने पळीभर रस्सा तोंडात घेतला आणि डोळेच मिटले.

"अगं बाई! वहिनी, समुद्र ओतलास का यात? थांब, साखर टाकते."

"साखरेच्या डब्याला हात लावायचा नाही!" मी ओरडलेच. सायगॉनला राहून या बाईला तिथल्यांसारखी सगळ्यात साखर लागते.

"चिडतेस कशाला? बाहेर काका येऊन बसलेत." असं म्हणून ती गेली.

सासूबाई रिकामी वाटी विसळत बसल्या. मुलीसमोर एक शब्द नाही! माझं डोकंच फिरलं. वाटीभर रस्सा काढून त्यांच्यापुढे आदळला. "घ्या, तुम्हीच सांगा."

त्या शांतपणे प्यायल्या. पूर्ण वाटी. कपाळाला आठी नाही. माझे तर एका घोटाने ओठ चुरचुरत होते.

"अजून थोडा जवळा चालेल," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आई, तुम्हाला चव लागत नाही का?"

त्यांनी गवती चहाची जुडी उचलली आणि उगाच तिला गाठ मारत बसल्या. "हळू बोल. ती ऐकेल."

"कधीपासून?"

"टेटच्या, नव्या वर्षाच्या सणात ताप आला होता ना, तेव्हापासून. वाटायचं, थोडं जास्त घातलं की लागेल."

म्हणजे इतके महिने माझी मासळी बाजूला सारली, माझं कालवण बेचव म्हणून नवऱ्याचे कान भरले, ते यापायी! मला कळवळा यायला हवा होता. आला संताप.

"मग सांगायचं होतं!"

"तुला? सांगितलं असतं तर चुलीपाशी उभं राहू दिलं असतंस?"

नसतं दिलं. मी अर्धा रस्सा मोरीत ओतला, कढत पाणी घातलं, आच वाढवली. बाहेरून नवऱ्याची हाक आली, "झालं का गं? फोटोपुढे वाडगा ठेवायचाय."

"लावा उदबत्त्या तोवर!"

रस्सा उकळला. मी चाखला.

"कसा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"बरा आहे."

"बरा म्हणजे? नीट सांग. आधी काय लागतं, मागून काय?"

"आधी गवती चहा. मग हाडांचा गोडवा. जवळा शेवटी, एकदम नाकात."

"नाकात जातो? कांदा भाजून टाक."

टाकला. आणि मेला रस्सा सुधारला.

तांदळाच्या शेवयांवर रस्सा पडला, पहिला वाडगा सासऱ्यांच्या फोटोपुढे गेला, मग पाहुण्यांची पंगत बसली. ख्वेने पहिलाच घास घेऊन मान डोलावली. "शेवटी आईनेच सावरलं वाटतं. आईचा हात तो आईचा हात."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता तरी बोलतील! त्या ताठ बसून मिरच्या निवडत होत्या. "तरी सूनबाईनं मेहनत केली हो," एवढंच म्हणाल्या.

भांडी घासायला बसले, तर सासूबाई मागून येऊन उभ्या राहिल्या.

"अगं न्यान, उद्यापासून तू चाखायचं आणि मला सांगायचं."

"बरं."

"आणि जरा नीट सांगत जा. पाये शिजलेत की नाही, ते आज बोललीच नाहीस."